धुऱ्यावर मेलेली पाखरे : दोष कोणाचा?

मृग लागून आठ-दहा दिवस झाले, की आम्हा शेतीखात्याच्या माणसांच्या फोनला उसंत नसते. कोणाचे बियाणे उगवले नाही, कोणाला दुकानदाराने पक्की पावती दिली नाही, कोणाच्या कोवळ्या पऱ्हाटीला वाणी लागले. दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या दिवसांत फुलसावंगीच्या शिवारातून सकाळी सातलाच एक फोन आला. तो यातल्या कशाचाच नव्हता.

"साहेब, वावरात पाखरं मरून पडले हायेत. तुमी येऊन पाहता का?"

गेलो. कपाशीचे वावर, एका कडेला घरच्या भाकरीपुरती आणि कडब्यापुरती दीड एकर ज्वारी पेरलेली. धुऱ्याच्या बाजूला पाच होले, तीन तितर आणि थोडे पुढे पळसाच्या बुडाशी एक लांडोर. होल्यांच्या चोचीला फेस सुकलेला. जखम कुठेच नाही. शेतकरी बिचारा घामाघूम. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, मोराची केस लागते म्हन्तात. रातच्याला पुरून टाकू का?"

मी त्यांना आधी खाली बसवले, पाणी प्यायला लावले आणि विचारले, बियाण्याला काय चोळले होते? पुडी घरीच होती. खोडमाशीसाठी शिफारस केलेलेच औषध, मात्राही बरोबर. मग आम्ही दोघे धुऱ्याने चाललो. ट्रॅक्टर जिथे जिथे वळला होता, तिथे तिथे लाल रंगाची ज्वारी मातीवर उघडी पडली होती. आणि पळसाजवळ उरलेले पाव-अर्धा किलो बियाणे ढीग करून टाकलेले. "उरलं होतं, आता घरी नेऊन काय करता, पोरं-सोरं खातील म्हून इथंच टाकलं," ते म्हणाले.

म्हणजे पोरांची काळजी घेतली, पाखरांची राहून गेली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण मेलेली पाखरे पुरायची नाहीत असे मी त्यांना सांगितले. वनरक्षकाला फोन केला. पंचनामा झाला, जनावरांच्या डॉक्टरांनी लांडोर फाडून पाहिली. गळ्याच्या पिशवीत तेच लाल दाणे.

शेतकरी बंधूंनो, बीजप्रक्रिया करू नका असे मी मुळीच सांगणार नाही. आम्हीच तुम्हाला गावोगाव प्रात्यक्षिके करून ती शिकवली आहे आणि ती फायद्याचीच आहे. एका प्रक्रियेने पुढची एक-दोन फवारणी वाचते. पण त्या एका दाण्यावर किती औषध बसते याचा हिशोब आम्ही तुम्हाला कधी सांगितला नाही. तो आता सांगतो. इमिडाक्लोप्रिड ४८ टक्के एफएस हे औषध ज्वारीला किलोला १२ मिली या प्रमाणात चोळले, तर एका दाण्यावर साधारण २ दशांश मिलिग्रॅम औषध राहते. चिमणीचे वजन २५ ग्रॅमच्या आसपास. तिला मरायला साधारण १ मिलिग्रॅम पुरे. म्हणजे पाच-सहा दाणे! तितराच्या जातीची पाखरे वजनाने मोठी, पण या औषधाला ती चिमणीपेक्षाही नाजूक असतात. वीस-पंचवीस दाण्यांत त्यांचा निकाल लागू शकतो. तितर एका सकाळी किती दाणे टिपते ते तुम्ही मला सांगा, तुम्ही रोज पाहता.

मातीआड गेलेला दाणा सहसा पाखराच्या चोचीला लागत नाही. उघडा पडलेला दाणा मारतो. म्हणून पेरणी झाली की वळणाच्या जागा, धुऱ्याकडची दोन-तीन तासं आणि पोती मोकळी केली ती जागा एकदा फिरून पाहा. सांडलेले दाणे मातीत लोटून घ्या किंवा गोळा करा. दीड एकराला हे काम अर्ध्या तासाचेही नाही. उरलेले बियाणे कोंबड्यांना टाकू नका, दळायला तर मुळीच नाही. विहीर-नाल्यापासून दूर हातभर खोल खड्डा करून पुरा. पेरभर खोल पुराल तर रानडुक्कर उकरते आणि मग सगळे पुन्हा वर.

ही झाली नकळत होणारी गोष्ट. दुसरी जाणूनबुजून होते आणि तिच्याविषयी गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. हरभऱ्यात, मक्यात, भुईमुगात मोर आणि डुकरे घुसतात. रात्र रात्र जागल करून माणूस पिकून जातो. नुकसानभरपाईचा अर्ज भरायचा तर कागदांनीच पिशवी भरते. मग वैतागून कोणी तरी दाण्याला जहाल औषध चोळून धुऱ्यावर टाकतो. त्याचा वैताग मला समजतो. मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे. पण तो दाणा डुकराचे नाव विचारत नाही. तो तितराला, मोराला, शेजाऱ्याच्या शेळीला आणि मेलेले खाऊन गावातल्या कुत्र्यालाही लागतो. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारल्याचा गुन्हा शाबीत झाला तर तीन ते सात वर्षे कैद आणि दंड. हा दंड २०२२ च्या दुरुस्तीने कमीत कमी २५ हजार रुपये झाला. एका हंगामाच्या हरभऱ्यापायी हा सौदा परवडत नाही.

उंदरांच्या विषाचेही तसेच. झिंक फॉस्फाईडचे दाणे बिळात टाकून तोंड मातीने बुजवा, एवढीच साधी गोष्ट. उघड्यावर पसरले की चिमण्या-होल्यांना जेवण वाढल्यासारखे होते. ब्रोमॅडिओलोनसारखे रक्त पातळ करणारे औषध वापरले तर मेलेले उंदीर रोज सकाळी वेचून पुरा, कारण ते उंदीर गव्हाणी घुबड खाते आणि ते विष त्याच्या अंगात उतरते. वास्तविक वावरातला उंदीर कमी करणारा फुकटातला सालगडी तोच. पण अपशकुनी म्हणून त्याला दगड मारणारे अजून आहेत!

पंपातले विष

यवतमाळ जिल्ह्याचे नाव २०१७ साली साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत गेले, ते चांगल्या कारणाने नव्हे. त्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवेत दमटपणा, तोंडाला फडके नाही, एका पंपात दोन-तीन औषधे कालवलेली. सरकारने पुढे पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर दोन महिन्यांची बंदी घातली. त्यात मोनोक्रोटोफॉस होते, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे मिश्रण होते. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरी आम्ही पंचनाम्याच्या वेळी बसलो आहोत. ते दिवस विसरता येत नाहीत.

पाखरांच्या लेखात माणसांची गोष्ट काढली, कारण विष एकच आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सगळी एका घराण्याची औषधे. ती मज्जातंतूंचा निरोप पोचवणारी यंत्रणा अडवतात. अळीत हेच होते, माणसात हेच, पाखरातही हेच. आधी लाळ, मग थरथर, मग श्वास बंद. फरक इतकाच, की हे विष अंगातच मोडून टाकण्याची ताकद पाखरांत माणसापेक्षा आणि गाय-म्हशीपेक्षा पुष्कळ कमी असते. म्हणून ज्या फवाऱ्याने तुम्हाला नुसती मळमळ होते, त्याने मैना खाली पडते.

हे आपल्याच गावाचे दुखणे नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशात १९९५-९६ च्या हंगामात टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारले. तिथे उत्तर अमेरिकेतून थंडीत येणारे ससाण्यासारखे शिकारी पक्षी टोळ खायला उतरतात. त्यांची पाच हजारांवर प्रेते नुसती मोजली गेली. एकूण वीस हजारांच्या घरात मेले असावेत असा अंदाज निघाला. त्या देशाने पुढे त्या औषधाचा वापर बंद केला. आपल्याकडे भाजीपाल्यावर ते फवारायला आधीपासून मनाई होती आणि २०२३ च्या केंद्राच्या आदेशाने मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएलवर बंदी आली. शिल्लक साठा मुदत संपेपर्यंत विकण्याचीच काय ती सूट होती. आता कोणाच्या कोठ्यात जुनी बाटली असेल तर ती 'वाया कशाला घालवायची' म्हणून पंपात ओतू नका.

फोरेटचेही असेच. थिमेट म्हटले की साऱ्यांना कळते. पाखरांना दात नसतात. दाणा दळायला ती बारीक खडे गिळतात आणि ते पोटातल्या पिशवीत साठवतात. फोरेटची दाणेदार भुकटी त्यांना खड्यासारखीच दिसते. दोन-चार दाणे खडे म्हणून गिळले की संपले. फोरेटची विक्री आणि वापर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद आहे. तरी "पिवळ्या डब्यातलं ते जुनं द्या" असे दुकानात मागणारा मी स्वतः ऐकला आहे.

आता आमच्याच खात्याच्या माणसांवर थोडे. हरभऱ्यात घाटेअळीसाठी हेक्टरी २० ते २५ पक्षीथांबे लावा, असे आम्ही सांगतो. इंग्रजी टी अक्षरासारखी काठी रोवायची, त्यावर कोतवाल, साळुंकी, वेडा राघू येऊन बसतात आणि अळ्या-पतंग टिपतात. हरभऱ्याबरोबर मूठभर ज्वारी किंवा मका पेरला तर थांबे आपोआप उभे राहतात. सल्ला उत्तम. पण त्याच पत्रकाच्या खालच्या भागात जहाल औषधाची मात्राही छापलेली असते! थांबे रोवले आणि तिसऱ्या दिवशी फवारा मारला, तर फवाऱ्याने लटपटलेली अळी सगळ्यात आधी कोण टिपते? तोच कोतवाल. आम्ही त्याला पाहुणा म्हणून बोलावले आणि ताटात विष वाढले. (कोतवाल म्हणजे काळा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. आपल्या घरट्याच्या झाडाकडे तो कावळ्याला, घारीलासुद्धा फिरकू देत नाही, म्हणून हे नाव. गावच्या कोतवालाने रागावू नये.)

यावर उपाय काय? फवारणीच नको असे मी म्हटले तर तुम्ही हा कागद पुडीला वापराल. म्हणून एवढेच सांगतो. कपाशीत गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे लावा आणि मोजा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा शंभरातली दहा फुले-बोंडे किडकी निघाली, तर फवारा. शेजाऱ्याने मारला म्हणून आपणही मारला, यात औषध दुकानदाराचे भले. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क घ्या. निंबोळ्या तुमच्याच बांधावर पडतात. एका वेळी एकच औषध. तणनाशक, खत, टॉनिक आणि कीटकनाशक यांचा काला पंपात करू नका. २०१७ ने हे फार महाग शिकवले आहे. फवारा मारल्यावर चार-पाच दिवस थांब्याच्या काठ्या आडव्या करून ठेवल्या तरी चालते, हे मात्र कोणत्या पत्रकात नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला शिकवले. मला पटले.

डब्यावरचा त्रिकोण पाहायची सवय लावून घ्या. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हा रंग उंदरांवरच्या चाचणीवरून, माणसा-जनावरांच्या हिशोबाने ठरतो. पाखरांचा वेगळा त्रिकोण नसतो, म्हणून हिरवा दिसला तरी बेफिकीर राहू नका.

आणि पंप नाल्यात धुऊ नका. उन्हाळ्याच्या शेवटी पूस आणि पैनगंगेच्या खोऱ्यातल्या नाल्यांना डबक्याडबक्यानेच पाणी राहते. मोर, तितर, रानचिमण्या सगळे एकाच डबक्यावर येतात. तिथे पंपाचे धुवण, किंवा मासे धरायला कोणी टाकलेले औषध, म्हणजे अख्ख्या रानाला घोट.

बैलाचे इंजेक्शन, गिधाडाचे मरण

गावात साठीच्या पुढचा कोणी असेल त्याला विचारा, मेलेले ढोर टाकायच्या जागी पूर्वी काय दिसायचे. तो हात पसरून गिधाडाचे पंख दाखवील. सकाळी टाकलेला बैल संध्याकाळपर्यंत हाडांचा सापळा होई. आजच्या पोरांनी गिधाड पाहिले ते मोबाईलमध्ये.

ती कुठे गेली? पुष्कळांनी रोग म्हटले, कोणी खाणे कमी झाले म्हणाले. खरे कारण २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून पुढे आले. जनावराला ताप, सूज, लंगडेपणा यासाठी द्यायचे डायक्लोफिनॅक हे दुखण्याचे औषध. जनावर औषध दिल्यावर दोन-चार दिवसांत मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, तर त्याचे गुरदे निकामी होतात. शंभर मेलेल्या ढोरांत एखाद्यात जरी हे औषध असले, तरी गिधाडांचे कूळ बुडायला ते पुरेसे ठरते, कारण एका ढोरावर अख्खा थवा उतरतो. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक इतकीच उरली.

२००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या, म्हणून २०१५ साली माणसांचे इंजेक्शनही ३ मिलीच्या एका मात्रेपुरते केले. २०२३ मध्ये जनावरांसाठी एसिक्लोफिनॅक आणि केटोप्रोफेनवरही बंदी आली, कारण तीही गिधाडाला तशीच मारक. मेलॉक्सिकॅम गिधाडाला चालते आणि बैलालाही लागू पडते.

गिधाडे गेल्याने आपले काय बिघडले, असे कोणी विचारील. मेलेली ढोरे तशीच सडू लागली, पाणी नासले, मोकाट कुत्री वाढली, चावे वाढले. २०२४ साली अमेरिकेतल्या एका नामांकित अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने हिशोब मांडला, की २००० ते २००५ या काळात गिधाडे गेल्यामुळे देशात वर्षाला सुमारे एक लाख माणसे जास्त मेली असावीत. आकडा अंदाजाचा आहे. पण मेलेल्या ढोराच्या वासाने नाकाला पदर लावून जाणाऱ्या बायांना तो खोटा वाटणार नाही.

२०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून दहा गिधाडे ताडोब्याला आणि दहा पेंचला आणली. ताडोबा म्हणजे आपल्या शेजारचा चंद्रपूर जिल्हा. गिधाड एका दिवसात शंभर किलोमीटर सहज उडते, ते तालुक्याची हद्द पाहत नाही. तेव्हा गोठ्यात इंजेक्शन देणाऱ्याला औषधाचे नाव विचारा. तो डॉक्टर असो की गावात फिरणारा 'जाणकार', नाव सांगायला त्याने कुरकुर केली तर समजून जा. औषध दिलेले जनावर आठवड्याच्या आत मेले तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी (पदाचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, लोक हाक जुनीच मारतात) त्यासाठी गावठाणाबाहेर एक जागा आणि जेसीबीचे दोन तास ठरवून ठेवले तर शेतकऱ्याला सबब राहणार नाही.

संक्रांतीच्या नायलॉन मांजाविषयी फार लिहीत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्येच तो देशभर बंद केला. तरी जानेवारीत कडुनिंबावर लटकलेला बगळा दिसतोच. पोलीस पाटलांनी संक्रांतीच्या आधी किराणा दुकानांतून एक फेरी मारली तर बरे. विजेच्या तारा हा शेतकऱ्याच्या हातचा विषय नाही. माळढोकासारख्या जड पक्ष्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही. राजस्थान-गुजरातच्या माळढोकांसाठी तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो अजून सुटतोच आहे.

पाखरे मेलेली दिसली तर काय करायचे? उघड्या हाताने उचलू नका. विषच असेल असेही धरून चालू नका. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याच्या कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या होत्या. पुरू नका, जाळू नका, कुत्र्यांपासून राखा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा, जनावरांच्या दवाखान्यात कळवा. पेरणी कधी झाली, कोणते औषध कधी मारले, ते खरे सांगा. लपवले तर उलट संशय वाढतो. त्या फुलसावंगीच्या शेतकऱ्याने सगळे खरे सांगितले आणि पुडी काढून दिली, म्हणून दाणे कुठून आले ते दुपारच्या आत कळले. गेल्या वर्षी त्यांच्याकडे गेलो तेव्हा पेरणी चालू होती. त्यांचा नातू ट्रॅक्टरच्या मागे टोपली घेऊन वळणावरचे लाल दाणे वेचत होता. त्याच्या हातात मोजे नव्हते. ते मी पिशवीतून काढून दिले. औषधाच्या पिशवीसोबत मोजे मिळतात का, हे दुकानात जरूर विचारा.